चट्टा दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष नको



उसाच्या पानावर डाग दिसला की आपण लगेच शेतकी विभागाकडे धाव घेतो. अंगावर चट्टा उठला तर मात्र सदरा ओढून झाकतो. मनात एकच भीती, कुष्ठरोग तर नसेल?

हा रोग कातडीवर दिसतो, पण आतून मज्जातंतू पोखरतो. त्याचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. तेव्हा हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग नव्हे. चट्टा फिकट किंवा लालसर असतो. खाजत नाही, दुखत नाही, तिथे स्पर्शही कळत नाही. पांढरे कोड वेगळे. त्यात बधिरपणा नसतो आणि ते कोणाला लागतही नाही.

दुखत नाही, हाच खरा धोका. तोडणीत कोयता लागला, भाकरी करताना बोट भाजले, तळव्यात काटा मोडला, तरी पत्ता लागत नाही. जखम चिघळते, बोटे वाकतात, मूठ वळत नाही. मग हातचे काम सुटते.

त्याहून मोठी जखम आपणच करतो. वेगळा पेला, वेगळी पंगत, लेकीचे मोडलेले लग्न! या धास्तीने माणूस रोग लपवतो आणि उपचाराला उशीर होतो. कायद्यातसुद्धा हा रोग घटस्फोटाचे कारण होता. ते २०१९ साली काढले गेले.

बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळच्या बरड जमिनीवर आनंदवन उभे केले. ज्यांना गावाने बाहेर काढले, त्यांनीच तिथे विहिरी खोदल्या, शेती पिकवली. माणूस निकामी झालेला नव्हता, हे आपण शेतकऱ्यांनी तरी ओळखावे.

आज औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. सहा महिने ते वर्षभर न चुकता घेतली की रोग बरा होतो. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत तो दुसऱ्याला लागण्याचे भय उरत नाही. मात्र उशीर झाला, तर गेलेली संवेदना सहसा परत येत नाही.

म्हणून आमची विनंती. घरात, वाड्यावर किंवा तोडणीच्या टोळीत कोणाला असा बधिर चट्टा दिसला, तर त्याला कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन जा. घरच्यांचीही तपासणी करून घ्या. आणि परत आल्यावर चहा आपल्याच कपातून द्या. तेही औषधच आहे.