गाठ सुटलेलं पुडकं

आमच्या गल्लीतल्या वाण्याच्या दुकानात छताला दोऱ्याचं एक रीळ टांगलेलं असे. वाणी वर्तमानपत्राच्या कागदावर डाळ ओतायचा, कडा आत दुमडायचा, वर न पाहता हात उंच करून दोरा ओढायचा, पुड्याला दोन वेढे द्यायचा आणि बोटाच्या एका हिसक्यात दोरा तोडायचा. पुडा हातात पडला की सामान आपलं झालं असं वाटे. घरी आई गाठ कापत नसे. ती नखाने सोडवून दोरा गुंडाळून ठेवी.

या गाठीची मला पुन्हा आठवण झाली ती बोधचिन्हांचा इतिहास वाचताना. अमेरिकेत युनायटेड पार्सल सर्व्हिस नावाची सामान पोहोचवणारी कंपनी आहे, तिला सगळे यूपीएस म्हणतात. १९०७ साली सिएटल शहरात निरोप पोहोचवणाऱ्या पोरांपासून तिची सुरुवात झाली. १९१६ सालच्या तिच्या चिन्हात गरुडाच्या पंजात एक पार्सल होतं. पुढे १९६१ साली पॉल रँड या चित्रकाराकडे नवं चिन्ह करण्याचं काम आलं. ब्रुकलिनमध्ये १९१४ साली जन्मलेल्या रँडने आयबीएम, वेस्टिंगहाउस आणि एबीसी या कंपन्यांची चिन्हं केली आहेत, त्यामुळे बोधचिन्हाच्या धंद्यात त्याचं नाव आदराने घेतात. त्याने कंपनीच्या आधीच्या चिन्हातली ढाल ठेवली, त्यात तीन सुबक अक्षरं बसवली आणि ढालीच्या डोक्यावर एक चौकोनी पुडकं ठेवून त्याला दोरीची सुरगाठ मारली. चिन्ह तयार झाल्यावर त्याने ते आपल्या लहान मुलीला दाखवलं. ही तर भेटवस्तू आहे, असं ती म्हणाली. रँडला हवं होतं ते तेवढ्या एका वाक्यात मिळालं.

ते चिन्ह ४२ वर्षं टिकलं. मार्च २००३ मध्ये कंपनीने फ्यूचरब्रँड या संस्थेकडून नवं चिन्ह करून घेतलं. ढाल राहिली, तिला चकाकी आणि फुगीरपणा आला, वरच्या कोपऱ्यातून एक सोनेरी वळण खाली उतरलं. पुडकं गेलं, गाठ गेली. कंपनीचं म्हणणं असं, की आता आपण फक्त पार्सलं पोहोचवत नाही, मालवाहतुकीचे आणि व्यापाराचे इतर कितीतरी व्यवहार करतो. शिवाय दोरीने बांधलेली पार्सलं कंपनी केव्हापासूनच घेत नव्हती, कारण दोरी छाननीच्या यंत्रात अडकते.

हे दुसरं कारण मी बराच वेळ मनात घोळवलं. यंत्रापुरतं ते बरोबर आहे. पण चित्रातली गाठ म्हणजे ग्राहकाने पार्सल कसं बांधावं याची सूचना नव्हती. कोणीतरी कोणासाठी तरी काहीतरी नीट बांधून पाठवलं आहे, हे ती सांगत होती. नवी ढाल बँकेची असू शकेल, विमा कंपनीची असू शकेल, मोटारीच्या तेलाच्या डब्यावरही शोभेल. कंपनीचा धंदा त्याने बुडाला नाही, गाड्या तशाच धावत राहिल्या. तरीही मी या बदलाला नुकसान म्हणतो, कारण आधीचं चित्र बोलत होतं आणि आताचं गप्प आहे.

आपल्याकडे अशा चित्राला ‘छाप’ म्हणतात. घोडा छाप, हत्ती छाप, उंट छाप. अक्षरओळख नसलेला माणूसही आगपेटी मागायचा ती चित्राच्या नावाने. छाप हा शब्द मला ‘ब्रँड’पेक्षा फार अचूक वाटतो, कारण वस्तूवर उमटते ती छाप आणि मनावर पडते तीही छापच. वस्तूवरची छाप कंपनीच्या मालकीची असते, तिची नोंदणीही झालेली असते. मनावरची मात्र घेणाऱ्याची असते, आणि चिन्ह बदलायला बसलेल्या मंडळींना ती टेबलावर कुठे दिसत नाही.

ती किती खरी असते, हे जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांच्या फळ्यांवर दिसलं. ट्रॉपिकाना हा तेव्हा पेप्सिकोचा संत्र्याच्या रसाचा मोठा ब्रँड होता. त्याच्या खोक्यावर वर्षानुवर्षं एकच चित्र होतं: पिकलेलं संत्रं आणि त्यात थेट खुपसलेली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची नळी. पीटर आर्नेल यांच्या संस्थेने हे खोकं पार बदललं. संत्र्याच्या जागी रसाने भरलेला पेला आला. नाव आडवं होतं ते उभं झालं, अक्षरं बारीक झाली. झाकण तेवढं अर्ध्या संत्र्याच्या आकाराचं केलं, म्हणजे ते पिळताना फळ पिळल्यासारखं वाटावं. ही झाकणाची कल्पना मला आजही आवडते. नव्या रूपाच्या जाहिरातमोहिमेसाठी ३.५ कोटी डॉलर ठरले होते.

आर्नेल यांनी पत्रकारांना दिलेलं स्पष्टीकरण ऐकायला पटतं. आजवर आपण फळाचं बाहेरचं रूप दाखवत आलो, प्रत्यक्ष रस कधी दाखवलाच नाही, असा त्यांचा मुद्दा होता. कागदावर यात खोट काढता येत नाही. पण संत्र्यात खुपसलेली नळी म्हणजे फळाचं बाहेरचं रूप नव्हतंच. फळ आणि तोंड यांच्यामध्ये कारखाना नाही, पाणी नाही, साखर नाही, असं ते चित्र एका झटक्यात सांगत होतं. पेल्यातला रस कोणाचाही असू शकतो. तो पेल्यात आला म्हणजे मध्ये कोणाचा तरी हात लागला. दाखवायचं होतं ते अधिक जवळ आणण्याच्या नादात त्यांनी ते दूर नेलं.

आणि दुकानात माणूस वाचत नाही. हातात यादी, गाडीत मूल, फ्रिजच्या फळीवर शंभर खोकी, अशा वेळी डोळा सवयीचा रंग आणि आकार शोधतो आणि हात तिकडे जातो. त्या महिन्यात डोळ्याला संत्रं दिसलं नाही. दुकानाच्या स्वतःच्या स्वस्त मालासारखं हे खोकं दिसतं, अशा तक्रारी आल्या. गराचा रस कुठला आणि बिनगराचा कुठला हे कळेना, अशाही आल्या. १ जानेवारी ते २२ फेब्रुवारी या काळात या रसाची नगांमधली विक्री २० टक्क्यांनी घटली, पैशांत ही घट सुमारे ३.३ कोटी डॉलर होती. फेब्रुवारी संपण्याआधीच कंपनीने जुनं खोकं परत आणण्याचं जाहीर केलं. आपल्या निष्ठावान ग्राहकांचं त्या चित्राशी किती घट्ट नातं आहे हे आपल्याला उमगलं नव्हतं, अशी कबुली ट्रॉपिकानाच्या उत्तर अमेरिकेतल्या प्रमुखांनी दिली. रस तोच होता. बदललं होतं ते फक्त खोकं.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१० मध्ये, गॅप या कपड्यांच्या कंपनीने वीस वर्षांहून जुना निळा चौकोन काढून पांढऱ्यावर काळी अक्षरं आणि कोपऱ्यात एक फिकट होत जाणारा छोटा निळा तुकडा आणला. आठवडाभरात तो मागे घ्यावा लागला. या प्रकरणावर खूप लिहिलं गेलं आहे. मला त्यात सांगण्यासारखं एवढंच दिसतं, की जुन्या चौकोनात उंच सडपातळ अक्षरं शिवणीसारखी घट्ट बसलेली होती आणि नव्यात कशाचाच कशाला आधार नव्हता.

प्रत्येक बदल वाईट असतो असं मात्र मी म्हणणार नाही. ॲपलचं १९७६ सालचं पहिलं चिन्ह म्हणजे झाडाखाली बसलेल्या न्यूटनचं बारीक रेघांचं चित्र होतं, भोवती पट्टीवर मजकूर. पुढच्या वर्षी रॉब जॅनॉफने त्यातून न्यूटनच्या डोक्यावरचं सफरचंद तेवढं उचललं आणि ते चेरी वाटू नये म्हणून त्याचा एक घास काढला. त्या गर्दीतली एकच महत्त्वाची वस्तू त्याने ओळखली आणि ठेवली. यूपीएसमध्ये नेमकं उलट घडलं. ठेवली ती ढाल, आणि ढाली तर जगात हजारो आहेत.

अलीकडे यात मोबाइलची भर पडली. अंगठ्याच्या नखाएवढ्या चौकोनात बारीक रेघा दिसत नाहीत, म्हणून कंपन्या चित्रं टाकून ठळक सरळ अक्षरांकडे वळल्या. लंडनच्या बर्बरीने २०१८ साली आपला भालाधारी घोडेस्वार बाजूला केला. हा स्वार १९०१ पासूनचा. त्याच सुमारास इतर फॅशन कंपन्याही तशाच ठळक अक्षरांकडे गेल्या आणि पाट्या एका वळणाच्या दिसू लागल्या. २०२३ मध्ये बर्बरीने घोडेस्वार परत आणला.

आपल्या मुंबईतला धनुर्धारी मात्र परतला नाही.

जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपालाचं विमान आणलं, त्यांच्या कंपनीची पुढे एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी तिचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. त्याच वर्षी सेंटॉर हे चिन्ह आलं: वर्तुळात धनू राशीचा अर्धा माणूस, अर्धा घोडा, आणि ताणलेल्या धनुष्यावर बाण. त्याआधी १९४६ मध्ये कंपनीचे बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्प्सनच्या मुंबई कचेरीतले चित्रकार उमेश राव यांनी मिशीवाला, कमरेत वाकलेला महाराजा जन्माला घातला होता. महाराजा पाहुणचार सांगायचा, धनुर्धारी झेप सांगायचा. कामाची वाटणी चोख होती. सेंटॉर हा परका शब्द मुंबईच्या तोंडी बसला, सांताक्रूझ विमानतळाजवळ आणि जुहूच्या किनाऱ्यावर त्याच नावाची हॉटेलं उभी राहिली. १९७१ मध्ये जम्बो जेट आलं तेव्हा विमानाच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोका रंगवला गेला. उडत्या महालाची ती कल्पना होती.

१९८९ मध्ये झरोके काढून शेपटीवर लाल रंगात सोनेरी चक्र आणलं. प्रवाशांना ते रुचलं नाही, दोनेक वर्षांत जुनी रंगसंगती परतली. ब्रिटिश एअरवेजने यापासून काही शिकायला हवं होतं. १९९७ मध्ये तिने सुमारे ६ कोटी पौंड खर्चून शेपट्यांवर देशोदेशीच्या कलाकारांची चित्रं रंगवायला घेतली. त्या ऑक्टोबरात ब्लॅकपूलच्या पक्ष अधिवेशनात मार्गारेट थॅचर यांनी विमानाच्या छोट्या प्रतिकृतीच्या शेपटीवर रुमालच टाकला. दोन वर्षांत राष्ट्रध्वजाचे रंग परतू लागले.

एअर इंडियाचा धनुर्धारी गेला तो मे २००७ मध्ये, इंडियन एअरलाइन्सशी विलीनीकरण होताना. त्याच्या जागी लाल उडता हंस आला आणि हंसाच्या अंगात केशरी कोणार्क चक्र. धनुर्धारीच रूप पालटून हंस झाला, चक्र दुसऱ्या कंपनीकडून आलं, असं अधिकृतपणे सांगितलं गेलं. मला ते चिन्ह वाटणीपत्रासारखं दिसतं. दोन भावांची घरं एक करताना कोणाची भांडी कुठे ठेवायची याचा तोडगा त्यात आहे, पण पाहणाऱ्याला सांगण्यासारखं काही नाही. घोड्याची ताकद, धनुष्याचा ताण, नेम धरलेला डोळा, यातलं काहीच हंसात उतरलं नाही.

जानेवारी २०२२ मध्ये कंपनी पुन्हा टाटांकडे आली. जेआरडींच्या घरात धनुर्धारीही परतेल अशी आशा मला होती. १० ऑगस्ट २०२३ रोजी नवं चिन्ह जाहीर झालं: सोनेरी खिडकीच्या चौकटीचं टोक, नाव ‘द व्हिस्टा’. ते तयार करण्यात सहभाग होता फ्यूचरब्रँडचा, म्हणजे यूपीएसचं पुडकं काढणाऱ्या त्याच संस्थेचा. झरोक्याची आठवण जपली, महाराजालाही राहू दिलं, याबद्दल मला समाधान आहे. जुन्याची किंमत कोणीतरी केली, हे त्यातून दिसतं. पण झरोका हा विमानाचा दागिना होता, त्याचं रूप होता. विमान जातं कुठे, किती जोराने, हे सांगण्याचं काम बाणाचं होतं. चौकटीतून पाहता येतं, झेप घेता येत नाही.

धनुर्धारीपाठोपाठ कंपनीची इमारतही गेली. नरिमन पॉइंटची २३ मजली एअर इंडिया इमारत १९७४ साली उभी राहिली. ती १,६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र शासनाला देण्यास केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. तिथे सरकारी कचेऱ्या आणायचं ठरलं.

माझ्या मावशीच्या माळ्यावर एअर इंडियाची खांद्याला लावायची जुनी बॅग आहे. काका आखातात नोकरीला गेले तेव्हा मिळालेली. पुढे कित्येक वर्षं ती भाजीला, एसटीच्या प्रवासाला, शाळेच्या सहलीला फिरली. गेल्या दिवाळीत माळा साफ करताना मी ती खाली काढली आणि ओल्या फडक्याने पुसली. चेन तुटली आहे, कड उसवली आहे. छापेतले घोड्याचे मागचे पाय झिजून गेले आहेत. धनुष्य आणि बाण अजून स्वच्छ दिसतात. मावशीने बॅग हातात घेतली, उसवलेली कड बोटांनी दाबून पाहिली आणि शिवणाचा डबा आणायला आत गेली.