अस्थिमज्जारोपण आणि नाकांतील नळी

मूल जेवलें नाहीं तर आईच्या घशाखालीं घास उतरत नाहीं. मग ज्या मुलाचें अस्थिमज्जारोपण झालें आहे आणि ज्याला कित्येक दिवस घोटभर पाणीहि गिळवत नाहीं, त्याच्या आईबापांची अवस्था काय होत असेल! अशा वेळीं डॉक्टरांनीं नाकांतून नळी घालण्याची गोष्ट काढली कीं, 'आतां आशा संपली' असें पुष्कळांस वाटतें. मी वैद्य नव्हे, मुलांत आयुष्य घालविलेला मास्तर आहें. तरीहि हा समज दूर व्हावा असें मला वाटतें.

हाडांच्या पोकळींत रक्त तयार करणारा जो मऊ गर, तीच अस्थिमज्जा. ती बिघडली म्हणजे निरोगी मज्जापेशी शिरेवाटें देतात. आपल्या देशांत असें रोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत १९८३ सालीं प्रथम झालें. मात्र त्याआधीं तीव्र औषधांनीं जुनी मज्जा नष्ट करावी लागते. हीं औषधें झपाट्यानें वाढणाऱ्या इतर पेशींनाहि घायाळ करतात; तोंडाचें व आंतड्याचें अस्तर त्यांतलेंच. म्हणून तोंड सोलवटतें, मळमळतें, चव जाते. मूल हट्टानें उपाशी राहत नसतें. त्याला खातांच येत नाहीं.

नळी मऊ व बारीक असते. ती नाकपुडींतून अन्ननलिकेवाटें जठरांत जाते. आंतील रसाचा आम्लपणा तपासून किंवा क्ष-किरणांनीं तिची जागा पक्की ठरल्यावांचून तींतून कांहीं सोडीत नाहींत. तोंड फार दुखूं लागण्यापूर्वींच ती बसविणें पुष्कळदां सोयीचें पडतें. मग पंपानें पातळ अन्न हळूहळू देतात. कडू औषधेंहि त्याच वाटेनें जातात.

शिरेवाटें पोषण देतां येत नाहीं काय? येतें, आंतडें अन्न घेईनासें झालें तर तेंच तारतें. परंतु त्यांत जंतुसंसर्गाचें भय अधिक, यकृतावरहि ताण पडतो. शिवाय रिकामें आंतडें दुबळें होतें. थोडें कां होईना, अन्न मिळालें तर त्याचें अस्तर टिकण्यास मदत होते.

दटावून पाढे पाठ होतात, पण शिकण्याची गोडी जाते, हें मला शाळेनें शिकविलें. जेवणाचेंहि तसेंच आहे. नळीनें पोषणाचा भार उचलला कीं ताटावरचें भांडण मिटतें. डॉक्टरांच्या संमतीनें मुलानें चमचाभर वरणाचें पाणी मागितलें तर तें द्यावें. नाहीं घेतलें तर रागावूं नये. आईनें घास घेऊन मागें लागण्याऐवजीं गोष्ट सांगत उशाशीं बसावें. मूल पुन्हां पोटभर जेवूं लागलें कीं नळीचें काम संपतें.