कोलारच्या खाणीतले न्यूट्रिनो

वैश्विक किरण वातावरणावर आदळले की न्यूट्रिनो जन्मतात. त्यांचा पहिला छापील पुरावा ऑगस्ट १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीतून आला. प्रयोग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा. सोबत जपानचे ओसाका सिटी व इंग्लंडचे डरहॅम ही विद्यापीठे होती.

या कामाची सुरुवात वैश्विक किरणांतूनच जन्मणाऱ्या म्यूऑन कणांपासून झाली. खोलीगणिक ते किती घटतात, हे मोजायला संस्थेचे संस्थापक होमी भाभांनी १९५१ मध्ये बी. व्ही. श्रीकांतन यांना कोलारला पाठवले. पुढे सुमारे पावणेतीन किलोमीटर खोलीवर उपकरणांत दोन महिने काहीच उमटले नाही. रिकाम्या हातांचा हा निकालच मोलाचा ठरला, कारण न्यूट्रिनोची क्वचित खूण ओळखायला इतकीच शांत जागा हवी होती. २.३ किलोमीटरवर शोधक उभ्या भिंतींसारखे मांडले गेले. वरून येणारे बहुतेक म्यूऑन खडकात अडतात. आडवा आलेला म्यूऑन मात्र जवळच्या खडकात न्यूट्रिनोनेच निर्माण केलेला असणार. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत भौतिकशास्त्रज्ञ राइन्स यांच्या गटालाही असेच म्यूऑन दिसले. त्यांचा निबंध कोलारनंतर पंधरा दिवसांनी छापून आला.

न्यूट्रिनोला वस्तुमान नाही, ही तेव्हाची समजूत या शोधाने हलली नाही. ती हलली आडवाटेने. प्रोटॉनही कधीतरी विघटित होतो, असे सत्तरच्या दशकातले महाएकीकरण सिद्धांत सांगू लागले. कोलारला १९८० च्या सुमारास १४० टनांचा लोखंडी शोधक त्यासाठीच बसला. आता न्यूट्रिनो नकोसे झाले, कारण त्यांची खूण प्रोटॉनच्या विघटनासारखी भासे. कोलारच्या गटाने काही घटना विघटनाच्या म्हणून मांडल्या. अमेरिका व जपानच्या कितीतरी मोठ्या जलशोधकांनी त्यांना दुजोरा दिला नाही.

पण न्यूट्रिनोंचा हा गोंगाट वजा करायचा तर तो नेमका मोजावा लागतो. जपानच्या कामिओकांडे या जलशोधकात १९८८ मध्ये म्यूऑन-जातीचे न्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा कमी भरले. १९९८ मध्ये सुपर-कामिओकांडेने दाखवले, की पृथ्वी ओलांडून खालून येणाऱ्यांतच मोठी तूट आहे. ते वाटेत जात बदलत होते, आणि वस्तुमानाशिवाय हे घडत नाही. मूलकणांच्या प्रचलित सिद्धांताला, स्टँडर्ड मॉडेलला, हा पहिला ठोस तडा. काजिता व मॅक्डोनाल्ड यांना न्यूट्रिनोंच्या या जातबदलाच्या शोधाबद्दल २०१५ चे नोबेल मिळाले.

कोलारचे प्रयोग नव्वदीच्या सुरुवातीलाच थांबले होते. पुढे न्यूट्रिनोंच्या तीन वस्तुमानांचा चढता क्रम ठरवण्यासाठी तमिळनाडूत थेनीजवळ ५० हजार टन चुंबकित लोखंडाचा शोधक उभारायला केंद्राने जानेवारी २०१५ मध्ये मंजुरी दिली. स्थानिक विरोध आणि पर्यावरण परवान्यांत तो अडकला. मदुराईत ८५ टनांची छोटी प्रतिकृती तेवढी उभी राहिली.