निदानाचा संकेतांक : ‘थायरॉईड’च्या निमित्ताने

डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या शेजारी एक इंग्रजी अक्षर व काही अंक लिहिलेले असतात. हे कशासाठी, अशी पृच्छा रुग्णांचे आप्त वारंवार करतात. काही देणगीदारांनीही ती केली आहे. म्हणून या अहवालात त्याविषयी थोडे निवेदन करीत आहोत.

हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातील संकेतांक होय. १८९३ साली मांडल्या गेलेल्या मृत्युकारणांच्या यादीतून हे वर्गीकरण विकसित झाले. त्याची दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली, तर अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे. आपल्याकडील नोंदी दहाव्या आवृत्तीनुसार होतात. जमाखर्चाशी परिचय असणाऱ्यांना एवढे सांगितले तरी पुरे, की संकेतांक म्हणजे खातेवहीतील खाते. नोंद योग्य खात्यावर पडली नाही, तर बेरीज जुळूनही ताळेबंद खोटा ठरतो.

‘मला थायरॉईड आहे’ असे सांगणाऱ्या भगिनी बाह्यरुग्ण विभागात नित्य येतात. वस्तुतः थायरॉईड प्रत्येकालाच असते. ती गळ्यातील ग्रंथी आहे. तिची क्रिया मंदावली तर संकेतांक ई०३ आणि अतिरिक्त वाढली तर बहुधा ई०५. या दोन्ही अवस्थांचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. एकीत थायरॉक्सिनची गोळी बाहेरून द्यावी लागते, दुसरीत ग्रंथीला आवर घालावा लागतो. केसपेपरवर नुसते ‘थायरॉईड’ लिहिलेले असेल, तर नोंद ई०७.९ वर, म्हणजे जणू उचंत खात्यावर जाते. अभिलेख विभागातील कर्मचाऱ्याने अंदाजाने संकेतांक घालावयाचा नसतो. कागद डॉक्टरांकडे परत पाठवावयाचा असतो. यात थोडा विलंब होतो, पण आम्हाला तो मान्य आहे.

न्यूनक्रिया म्हटल्यावरही काम संपत नाही. कारण नमूद नसेल तर ई०३.९. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढल्यामुळे ती उद्भवली असेल तर ई८९.०; एखाद्या औषधामुळे असेल तर ई०३.२. आयोडीनच्या कमतरतेचे विकार ई०० ते ई०२ या स्वतंत्र गटांत मोडतात. गर्भवती मातेच्या बाबतीत ओ९९.२ हा संकेतांक पुढे येतो, कारण तेथे दोन जीवांचा प्रश्न असतो. नवजात अर्भकात गलगंडाविना जन्मजात न्यूनक्रिया आढळल्यास ई०३.१. अशा बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले, तर त्याची बौद्धिक वाढ बहुधा सर्वसामान्य होते. महिने लोटले, तर झालेली हानी भरून येत नाही. त्याच्या कार्डावरील संकेतांक पुढील प्रत्येक डॉक्टरास हेच बजावत असतो.

सर्वाधिक दक्षता मात्र आर९४.६ या संकेतांकाविषयी घ्यावी लागते. त्याचा अर्थ एवढाच, की थायरॉईडची तपासणी असाधारण आली. रोग ठरलेला नाही. रक्तातील टी.एस.एच. एकदा किंचित वाढलेले दिसले, तर पुष्कळदा काही आठवड्यांनी फेरतपासणी करून मगच निदान निश्चित होते. त्यापूर्वीच ई०३.९ लिहिले गेले, तर त्या व्यक्तीच्या नावावर कायमचा आजार चढतो आणि विम्याचा प्रस्ताव भरताना तिला त्याचे उत्तर द्यावे लागते. उलटपक्षी, निदान निश्चित झाल्यावर ते कागदावर येऊ देऊ नये, अशी विनंती उपवर कन्यांचे पालक करतात. त्यांची व्यथा आम्ही समजू शकतो. ही विनंती मान्य करता येत नाही. तथापि रुग्णाच्या संमतीवाचून ही माहिती स्थळ पाहणाऱ्या कुणालाही दिली जात नाही. रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावयाच्या एका गोळीने बहुतेक रुग्ण नेहमीचे आयुष्य जगतात, हे अशा पालकांना समजावून सांगण्यात आमच्या परिचारिकांचा बराच वेळ जातो, आणि तो सत्कारणी लागतो असे आम्ही मानतो.

देणगीदारांच्या माहितीसाठी एक खुलासा. निर्धन रुग्ण निधीतून मिळणारी सवलत उत्पन्नाच्या दाखल्यावर ठरते, संकेतांकावर नव्हे. मात्र औषधांच्या देणगीचे नियोजन संकेतांकावरूनच करता येते. ई८९.० च्या रुग्णास सहसा गोळी आजन्म लागते, आर९४.६ च्या रुग्णास कदाचित लागणारही नाही.

जिंतूर, पालम, सोनपेठ या तालुक्यांतून येणाऱ्या रुग्णांच्या आप्तांनी पूर्वीचे तपासणी अहवाल, गळ्याच्या शस्त्रक्रियेचे कागद व चालू गोळ्यांचे पाकीट सोबत आणावे. पाकीट रिकामे असले तरी चालेल. त्यावरील मात्रा वाचता यावी.