‘आम्ही लोक’ म्हणजे कोण? जेम्सटाउन ते पहिले महायुद्ध : अमेरिकेच्या इतिहासातला एक धागा



मागच्या व्याख्यानात आपण जॉन लॉकचा सामाजिक कराराचा विचार पाहिला. राज्यसंस्था लोकांच्या संमतीवर उभी असते, आणि ती लोकांच्या हक्कांवरच उठली तर तिला बदलण्याचा अधिकार लोकांना असतो, हे त्याचं सार. हा विचार एका प्रत्यक्ष देशात उतरला तेव्हा त्याचं काय झालं, ते आज बघू. तो देश म्हणजे अमेरिका. काळ तीनशे वर्षांचा आहे. त्यातली प्रत्येक लढाई, प्रत्येक राष्ट्राध्यक्ष घ्यायचा म्हटलं तर तास पुरणार नाही. म्हणून आपण एकच प्रश्न हातात धरून चालू. अमेरिकेची राज्यघटना ‘आम्ही लोक’ या शब्दांनी सुरू होते. या ‘आम्ही’त कोण कोण येतं? आपल्या घटनेच्या उद्देशिकेची सुरुवातही ‘आम्ही, भारताचे लोक’ अशीच आहे, तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही.

एका उन्हाळ्यातल्या दोन घटना

इंग्रजांची तिथली पहिली टिकलेली वसाहत १६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाउनला झाली. ती वसवली लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीने, म्हणजे भागधारकांच्या पैशांवर चालणाऱ्या एका व्यापारी कंपनीने. सोनं काही मिळालं नाही. तंबाखू मात्र चांगला पिकला, आणि तंबाखूच्या शेतीला राबणारे हात पुष्कळ लागतात.

आता १६१९ हे साल लक्षात ठेवा. ३० जुलैला जेम्सटाउनच्या चर्चमध्ये निरनिराळ्या वस्त्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी जमले. इंग्रजी अमेरिकेतली ही पहिली प्रातिनिधिक सभा. त्यानंतर महिनाभराने, ऑगस्टच्या अखेरीस, जवळच पॉइंट कम्फर्टला एक जहाज लागलं. त्यात वीसहून थोडी अधिक आफ्रिकी माणसं होती. अन्नधान्याच्या बदल्यात ती विकली गेली. म्हणजे प्रातिनिधिक राज्यकारभार आणि माणसांची खरेदी-विक्री, दोन्हींची सुरुवात त्या वसाहतीत एकाच उन्हाळ्यात झाली.

गुलामगिरीचे पक्के नियम मात्र तिथे पहिल्या दिवसापासून नव्हते. ते कायद्याने एकेक करून घडवले गेले. इंग्रजी रिवाजात मुलाचा दर्जा बापावरून ठरे. १६६२ मध्ये व्हर्जिनियाच्या त्याच सभेने ठरवलं की मूल स्वतंत्र की गुलाम, हे आईवरून ठरेल. याचा अर्थ काय झाला? गुलाम स्त्रीला मालकापासून झालेलं मूलही मालकाचीच मालमत्ता झालं. जन्मावरून माणसाची जागा ठरवणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

चहा, कर आणि जाहीरनामा

पुढच्या शतकात वसाहतींची संख्या तेरा झाली. १७६३ मध्ये फ्रान्सबरोबरचं मोठं युद्ध संपलं, आणि त्या खर्चाचा काही भार ब्रिटिश संसदेने वसाहतींवर टाकला. वसाहतींचं म्हणणं लॉकच्याच भाषेत होतं : संसदेत आमचा प्रतिनिधी नाही, म्हणजे आमची संमती नाही, म्हणजे कर लावण्याचा अधिकार नाही.

चहाचं प्रकरण आपल्या इतिहासाशी जोडलेलं आहे. बंगालमधला १७७० चा भीषण दुष्काळ, युद्धांचा खर्च आणि गोदामांत साचलेला चहा यांमुळे ईस्ट इंडिया कंपनी डबघाईला आली होती. तिला सावरण्यासाठी संसदेने १७७३ मध्ये अमेरिकेत थेट चहा विकण्याची सवलत दिली. त्याच डिसेंबरात बोस्टनच्या लोकांनी कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ज्याच्या सैन्याने शरणागती पत्करली, तो कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल म्हणून आपल्याकडे आला.

४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यात सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत, हे स्वयंसिद्ध सत्य म्हणून मांडलं गेलं. त्याचा मसुदा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनकडे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. मसुद्यात त्याने गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा एक परिच्छेद घातला होता. काँग्रेसने तो वगळला. १७८७ च्या घटनेत तर ‘गुलाम’ हा शब्दच नाही. ‘इतर व्यक्ती’ असं मोघम म्हणून, प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना त्यांची मोजणी तीन-पंचमांश धरली. त्यांना मत नाही, पण त्यांच्या संख्येवर मालकांच्या राज्याला जास्त जागा. शब्द लिहायची लाज वाटावी, आणि व्यवस्था मात्र सोडवू नये, अशी ही अवस्था होती.

ढोंग की वचन?

इथे आपण आजच्या मुख्य प्रश्नाशी येतो. ज्यांनी तत्त्व लिहिलं त्यांनीच ते मोडलं, तर त्या तत्त्वाचं काय करायचं? या प्रश्नावर अमेरिकेत गुलामगिरीच्या विरोधकांमध्येच दोन तट पडले.

विल्यम लॉइड गॅरिसन हा बोस्टनचा पत्रकार म्हणे, ही घटना गुलामगिरीशी केलेला करार आहे, ती सुधारायची नसते, टाकून द्यायची असते. १८५४ च्या ४ जुलैला त्याने भर सभेत घटनेची प्रत जाळली. फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामीत जन्मलेला आणि पळून स्वतंत्र झालेला. आधी तो गॅरिसनच्या मताचा होता. पुढे त्याने वेगळा रस्ता धरला. १८५२ च्या जुलैमध्ये रोचेस्टरला दिलेल्या भाषणात त्याने श्रोत्यांना सरळ विचारलं, की गुलामाला तुमच्या या स्वातंत्र्यदिनाचं काय? भाषण अत्यंत कडवट आहे. पण त्याच भाषणात त्याने घटनेला स्वातंत्र्याचा दस्तऐवज म्हटलं. शब्द जर सर्वांसाठी असतील, तर लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं याने त्यांचा अर्थ आखडत नाही, असा हा युक्तिवाद.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हा भेद मोलाचा आहे. बोलणाऱ्याचा हेतू एक असतो आणि विधानाचा आवाका दुसरा. जेफरसनच्या मनातली ‘सर्व माणसं’ मोजकी असतील, पण ‘सर्व’ या शब्दाला कुंपण घालता येत नाही. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सच्या परिषदेत एलिझाबेथ केडी स्टँटनने हेच केलं. जाहीरनाम्याचा तोच साचा घेतला, त्यात पुरुषांबरोबर स्त्रियांचा उल्लेख घातला, आणि राजाविरुद्धच्या तक्रारींच्या जागी पुरुषांच्या सत्तेविरुद्धच्या तक्रारी लिहिल्या. त्यावर ६८ स्त्रियांनी आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या. डग्लस त्यांतलाच एक.

युद्ध आणि त्यानंतरची माघार

पण युक्तिवादाने गुलामगिरी गेली नाही. कापसाच्या शेतीमुळे गुलामांची संख्या १७९० मधल्या सुमारे सात लाखांवरून १८६० पर्यंत चाळीस लाखांच्या जवळ गेली होती. लिंकन निवडून येताच दक्षिणेतली राज्यं फुटू लागली आणि एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. त्यात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. दक्षिणेचा कापूस अडकला, म्हणून लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या; वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच बॅक बेचे शेअर मातीमोल झाले.

१८६३ च्या नोव्हेंबरात गेटिसबर्गला लिंकन अगदी थोडा वेळ बोलला. देशाचा जन्म त्याने ८७ वर्षांपूर्वीचा सांगितला. वजाबाकी करून पाहा : १७७६ येतं, १७८७ नाही. म्हणजे देशाचा पाया तीन-पंचमांशाच्या तडजोडीवर नाही, समतेच्या विधानावर आहे, असं त्याने ठरवून टाकलं. नंतरच्या तीन घटनादुरुस्त्यांनी १८६५ मध्ये गुलामगिरी संपवली, १८६८ मध्ये नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण दिलं, आणि १८७० मध्ये वंशावरून मताधिकार नाकारायला बंदी केली.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते याच कार्याबद्दल, अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आपल्या बांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यामागची आशा. पण चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतल्या राज्य सरकारांना आधार देणारं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं, आणि काळ्या नागरिकांचे हक्क एकेक करून काढून घेण्यात आले. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळे डबे, वेगळ्या जागा यांना मान्यता दिली. न्यायमूर्ती हार्लन एकटेच विरोधात राहिले.

पश्चिमेकडची गोष्ट थोडक्यात सांगू, पण ती विसरून चालणार नाही. १८३० च्या कायद्याने मूलनिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे ढकललं. १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना बळाने हलवलं, तेव्हा हजारो वाटेत मेले. गोऱ्या शेतकऱ्याला स्वतंत्र करणारी जमीन ती हीच. या भूमीच्या मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळायला १९२४ साल उजाडलं. आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना कायद्याने दार बंद झालं.

महायुद्धाच्या आरशात

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जगात लोकशाही सुरक्षित राहावी, हे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी सांगितलेलं कारण. याच विल्सन यांच्या राजवटीत केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत काळे आणि गोरे कर्मचारी वेगळे बसवले जात होते. साडेतीन लाखांहून अधिक काळे सैनिक वेगळ्या पलटणींत भरती झाले. न्यूयॉर्कची ३६९ वी पलटण तर फ्रेंचांच्या हाताखाली लढली आणि फ्रान्सने तिचा गौरव केला. फेब्रुवारी १९१९ मध्ये फिफ्थ अॅव्हेन्यूवर तिचं जंगी स्वागत झालं, आणि त्याच उन्हाळ्यात शिकागो, वॉशिंग्टनसह अनेक ठिकाणी काळ्या वस्त्यांवर हल्ले झाले. १९२० मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला. दक्षिणेतल्या काळ्या स्त्रियांना तो बजावू दिला गेला नाही.

मग गॅरिसन खरा की डग्लस? गॅरिसनचा संताप वस्तुस्थितीला धरून होता. त्या घटनेने अडीच पिढ्या गुलामगिरी जपली. पण डग्लसला एक गोष्ट जास्त कळली होती. कागदावरचं तत्त्व आपोआप खरं होत नाही, आणि एकदा खरं झालं म्हणून टिकतही नाही. १८७७ ने ते दाखवलं. तरीही ते लिहिलेलं असलं, की वगळलेल्या माणसाला भीक मागावी लागत नाही, तो हक्क सांगू शकतो. ‘आम्ही’ची व्याख्या वाढली ती देणाऱ्यांच्या औदार्याने थोडी आणि मागणाऱ्यांच्या चिकाटीने जास्त.

पुढच्या वेळी आपण याच काळातल्या एका तत्त्वज्ञाकडे वळू : जॉन ड्यूई. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात त्यांच्या वर्गात एक तरुण भारतीय विद्यार्थी बसत असे, भीमराव आंबेडकर. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार त्यांनी कसा घेतला, ते तेव्हा पाहू. तोपर्यंत आपल्या उद्देशिकेतला ‘आम्ही’ हा शब्द घेऊन हाच प्रश्न स्वतःला विचारून बघा.