कॅनडातलं आंबट देठ आणि आपला चुका

मागच्या जूनमध्ये भाचीचा मोबाइलवर फोटो आला. ती कॅनडात एडमंटनला राहते. घराच्या परसात सुपाएवढी हिरवीगार पानं, खाली लालसर जाड देठ. सोबत निरोप : "मावशी, ही अंबाडीसारखीच आंबट असते म्हणे. देठं काढून पानांची भाजी टाकते. किती वेळ शिजवू?"

मी निरोप न लिहिता सरळ फोनच लावला. ते रूबार्ब होतं. आपण भाजी निवडताना पानं ठेवतो, जाड देठ फेकतो. इथं नेमकं उलटं. खायचं ते देठ, पान विषारी. त्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. तोंड-घसा जळजळतो, उलट्या होतात, जास्त पोटात गेलं तर मूत्रपिंडावर येतं. शिजवूनही धोका टळत नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये भाजीची टंचाई होती, तेव्हा ही पानं खाऊन लोकांना विषबाधा झाली. कुणी चुकून खाल्लीच तर बोटं घालून उलटी काढू नका. पान सोबत घ्या आणि दवाखाना गाठा.

झाड मात्र मोठं चिवट. उणे तीस अंशांत वरचं सगळं मरतं, बर्फाखाली गड्डा जिवंत राहतो. उलट थंडीची ती झोप मिळाली नाही तर त्याला नीट कोंब फुटत नाहीत. बर्फ वितळला की गड्डा लावायचा, शेणखत द्यायचं, पहिल्या वर्षी एकही देठ तोडायचं नाही. पुढेही उन्हाळ्याच्या मध्यावर काढणी थांबवायची, म्हणजे पानं गड्ड्याला पोसतात. एकदा जमलं की दहा वर्षं बघायला नको. आपल्या घुग्घुसला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, इथं ते तग धरणार नाही.

पण त्याचा भाऊबंद आपल्या बाजारात हिवाळ्यात जुडीनं मिळतो : चुका. दोघं एकाच कुळातले. (अंबाडी नव्हे, ती भेंडीच्या घरातली.) चुक्याचं पान बिनधास्त खा, पण ऑक्झॅलिक आम्ल त्यातही आहे. खाणीत, भट्टीजवळ घाम गाळणाऱ्यांची लघवी घट्ट होते, मूतखड्याला तेवढंच निमित्त पुरतं. ज्यांना एकदा खडा झालाय त्यांनी चुका, पालक कमी खावा, उकळून पाणी फेकावं, जेवणात ताक-दही घ्यावं. आणि दिवसभर पाणी, लघवी फिकट होईपर्यंत. आंबट भाजी जर्मनच्या भांड्यात शिजवू नका.

काष्ठौषधीच्या दुकानातली रेवंदचिनी म्हणजे हिमालयातल्या रूबार्बचंच मूळ. पोट साफ होतं म्हणून गरोदर बायांना ती देऊ नका.

भाचीनं शेवटी देठांची चटणी केली. गूळ नव्हता, साखर घातली म्हणे.