मॉरिशसची वाट

हिंदी महासागराच्या नकाशावर मादागास्कर बेटाच्या पूर्वेस एक लहानसा ठिपका दिसतो. विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर वसलेले हे बेट म्हणजे मॉरिशस होय. त्याचे क्षेत्रफळ अवघे १,८६५ चौरस किलोमीटर आहे. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात अशी सात बेटे सहज मावतील. एवढ्याशा मुलखात प्रवास तो कसला करावयाचा, असे कोणास वाटेल. परंतु या बेटावर पोहोचणे जितके कठीण होते, त्याहून त्याच्यावर मोकळेपणाने हिंडणे एके काळी अधिक कठीण होते.

नेरसारख्या गावापासून समुद्र शेकडो कोस दूर आहे. तरीही नेरच्या शिवारातील काळ्या मातीचे मॉरिशसशी मोठे विलक्षण नाते आहे. भूशास्त्रज्ञ असे मानतात, की हिंदी महासागराच्या तळाखाली तप्त शिलारसाचा एक प्रचंड उगम आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी त्यावरून उत्तरेकडे सरकत असता लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. त्याच पाषाणाची झीज होऊन वऱ्हाडची कपाशीची जमीन बनली. पुढे कोट्यवधी वर्षांनी त्याच उगमाने समुद्रातून एक ज्वालामुखी वर काढला, तोच मॉरिशस. आज तो ज्वालामुखी निवालेला आहे आणि त्याच्या अंगावर उसाचे मळे डोलत आहेत.

नेरहून आज तेथे जावयाचे झाले, तर वाट सरळ आहे. एस.टी.ने बडनेरा गाठावे, तेथून रात्रीच्या आगगाडीने मुंबईस जावे आणि विमानात बसावे. सुमारे सहा तासांत विमान मॉरिशसवर येते. घड्याळ दीड तास मागे घ्यावे लागते. खाली पाहिले असता बेटाभोवती पांढऱ्या फेसाची एक कडा दिसते. ती प्रवाळाची भिंत होय. महासागराच्या लाटा त्या भिंतीवर फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. विमानतळावर भारतीय प्रवाशाच्या पासपोर्टावर शिक्का उमटतो. सहलीसाठी आगाऊ परवाना काढण्याची त्यास गरज पडत नाही. हिवाळ्याचे कपडे मात्र विचार करून घ्यावेत, कारण तेथील ऋतू आपल्या उलट आहेत. आपल्याकडे वैशाख-ज्येष्ठाचे ऊन तापत असते, तेव्हा तेथे थंडीचे दिवस सुरू होतात.

आता दोनशे वर्षांपूर्वीची वाट पाहू. १८१० साली इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतले. १८३५ मध्ये तेथील गुलामगिरी कायद्याने बंद झाली आणि ऊसमळ्यांच्या मालकांना स्वस्त मजुरांची गरज भासू लागली. २ नोव्हेंबर १८३४ रोजीच ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून हिंदी मजुरांची टोळी घेऊन पोर्ट लुई बंदरास लागले होते. पुढे मुंबई बंदरातूनही माणसे जाऊ लागली. त्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडील कोकणी शेतकरी, कुणबी पुष्कळ होते. पाच वर्षांचा करार आणि महिना पाच रुपये पगार, अशी बोली असे. इंग्रजी ‘अ‍ॅग्रिमेंट’ शब्दाचा ‘गिरमिट’ असा अपभ्रंश झाला आणि ही माणसे गिरमिटिया ठरली. तेथे दगड उलथला की खाली सोने सापडते, अशी थाप मारून आपल्या पूर्वजांना आणले, असे त्यांच्या वंशजांतील म्हातारी माणसे सांगत आली आहेत. दगड मात्र खरोखरच होते. उसाच्या शेतांतून आजही काळ्या दगडांचे मोठाले ढीग मनोऱ्यांसारखे उभे दिसतात. जमीन लागवडीस आणताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले ते दगड होत.

शिडाच्या जहाजातून हा प्रवास दीड-दोन महिन्यांचा होई. वारा पडला म्हणजे दिवस आणखी वाढत. तळाच्या अंधाऱ्या, दमट जागेत माणसे दाटीने पडलेली असत आणि रोगाची साथ उद्भवली की प्रेते समुद्रास द्यावी लागत. जगले वाचलेले पोर्ट लुईच्या घाटावर उतरत. त्या घाटाला दगडी पायऱ्या आहेत, त्या सोळा. पायऱ्या चढून गेले, की कारकुनापुढे उभे राहावयाचे. माणसाचे नाव, बापाचे नाव, गाव, वय, उंची, अंगावरील व्रण, सर्व काही तो वहीत टिपून घेई आणि प्रत्येकास एक क्रमांक देई. मराठी नावे त्याच्या कानाला अनोळखी. ऐकू येईल तसे तो इंग्रजी-फ्रेंच वळणाने लिही. पुढे आजोबा-पणजोबांचे ते व्यक्तिनावच कित्येक घराण्यांचे आडनाव होऊन बसले. हे ठिकाण आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखले जाते आणि २००६ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली.

बेटावर आलेला मजूर करार संपला म्हणजे मोकळा होई, अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. मॉरिशसमध्ये १८६४ साली आगगाडी सुरू झाली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८६७ मध्ये, तेथील सरकारने असा कायदा केला, की करार संपलेल्या प्रत्येक हिंदी माणसाने स्वतःचे छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा परवाना सदैव जवळ बाळगावा. छोट्याशा बेटाचे नऊ जिल्हे पाडलेले. जिल्ह्याची हद्द चालत काही घटकांत ओलांडता येई. बहिणीला भेटावयास शेजारच्या जिल्ह्यात गेलेला माणूस कागदाविना सापडला, तरी तो भटक्या ठरून तुरुंगात जाई. आगगाडी डोळ्यांदेखत धावत होती आणि माणसाला मात्र पायांनीही चालण्याची मुभा नव्हती.

या अन्यायाविरुद्ध १८७१ साली एक अर्ज लिहिला गेला. तो लिहिण्यास साहाय्य करणारा गृहस्थ हिंदी नव्हता. आडोल्फ द प्लेव्हित्स हा युरोपीय वंशाचा मळेवाला होता. अर्जावर ९,४०१ हिंदी लोकांनी सह्या-आंगठे केले. परवाना नसता जिल्ह्याबाहेर पडण्याची चोरी असताना इतकी नावे गोळा झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मळेवाल्यांचा संताप इतका अनावर झाला, की पोर्ट लुईत प्लेव्हित्सवर हल्लाही झाला. परंतु अर्ज वाया गेला नाही. १८७२ मध्ये इंग्लंडच्या राणीने चौकशी आयोग नेमला, मजुरांचे हाल त्याच्या अहवालात नोंदले गेले आणि १८७८ साली नवा मजूर कायदा झाला.

आज बेटावर हिंडण्यास अडचण नाही. रस्ते चांगले असून वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. विमानतळ आग्नेयेस आणि राजधानी पोर्ट लुई वायव्येस. ऊसमळ्यांमधून तिरपे बेट ओलांडण्यास तासाभराचा अवधी पुरतो. जुन्या आगगाडीची प्रवासी वाहतूक १९५६ मध्ये थांबली आणि १९६४ मध्ये मालगाडीही बंद पडली. कित्येक वर्षे ओस पडलेल्या त्याच मार्गाचा बराचसा भाग घेऊन भारताच्या अर्थसाहाय्याने नवी मेट्रो बांधण्यात आली. ती २०१९ साली सुरू होऊन २०२२ मध्ये क्युरपिपपर्यंत पोहोचली. समुद्रकाठच्या उकाड्यातून निघालेला प्रवासी सुमारे पाऊण तासात क्युरपिपच्या थंड, पावसाळी पठारावर उतरतो. खेड्यापाड्यांस मोटारगाड्या जातात. पण त्या संध्याकाळनंतर विरळ होतात, हे नवख्याने लक्षात ठेवावे. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात चक्रीवादळांचे भय असते. १९६० सालच्या ‘कॅरोल’ वादळाने हजारो घरे उद्ध्वस्त केली. २०२४ च्या जानेवारीत ‘बेलाल’ वादळामुळे विमानतळही बंद ठेवावा लागला होता.

महाशिवरात्रीस या बेटाचे रस्ते पाहण्यासारखे असतात. डोंगरावरील गंगा तलावाकडे नऊही जिल्ह्यांतून लाखो माणसे खांद्यावर कावडी घेऊन पायी निघतात. गणेश चतुर्थीस सार्वजनिक सुटी असते. मॉरिशसमधील पहिला गणेशोत्सव १८९६ साली हेन्रिएटा गावी एका मराठी कुटुंबाने साजरा केल्याचे सांगतात. पश्चिमेकडील कास्कावेल गाव मराठी वस्तीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील मराठी लोक घरात बहुधा क्रिओल भाषा बोलतात. पण मुले शाळेत मराठी शिकतात आणि कोकणातील जाखडीची आठवण देणारा ‘झाकरी’ नाच तेथे अजून रंगतो.

घाटावरच्या त्या जुन्या वह्या आता मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. मराठी घराण्यांतील तरुण तेथे येतात, खापरपणजोबांचा क्रमांक शोधून काढतात आणि त्यापुढे लिहिलेल्या गावाचे नाव टिपून घेतात. मग ते कागद घेऊन कोणी कोणी मुंबईच्या विमानात बसतात आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या वाटेस लागतात. परक्या कारकुनाने ऐकू येईल तसे लिहिलेल्या त्या नावावरून नेमके गाव ओळखणे, हे त्यांच्या प्रवासातील सर्वांत अवघड काम असते.